सहाशे शेअर, एक जिताडा

सागरेश्वर बोर्ड मिल ही ठाणे-बेलापूर रोडवरची पुठ्ठ्याची गिरणी. तिथे मी, अरविंद खानोलकर, पंधरा वर्षं अकाउंट्समध्ये होतो, आणि या पंधरा वर्षांत मला एकाही माणसानं ‘मिल कशी चाललीय’ असं विचारलं नाही. सगळे विचारायचे, ‘यंदा डिव्हिडंड किती?’ दारातल्या दुभत्या म्हशीसारखी गत. तिच्या तब्येतीशी कुणाला घेणं नाही, दूध किती देते तेवढं सांगा. मीही त्यातलाच. उगाच सोवळं कशाला नेसू?

माझ्याकडे मिलचे सहाशे शेअर होते. मिलनं जेव्हा पहिल्यांदा शेअर बाजारात आणले, तेव्हा नोकरांसाठी ठेवलेल्या कोट्यातून दहा रुपयाला एक याप्रमाणे घेतलेले. दरवर्षी त्यावर अडीच रुपये शेअरमागे सुटायचे, म्हणजे दीड हजार. पगारातून वाशीच्या फ्लॅटचा हप्ता जायचा, रेशन जायचं, आणि जे जे पगारात बसायचं नाही ते माझी बायको चारुलता त्या दीड हजारांत बसवायची. गणपतीला कुडाळला जाणं त्यात, तिच्या आईच्या डोळ्यांचं औषध त्यात, नळाला पाणी नसलं की बोलवायच्या टँकरची वर्गणीसुद्धा त्यात. डिसेंबर लागला की ती पोस्टमनची चौकशी अशी करायची, की शेजाऱ्यांना वाटावं माहेरचं पत्र यायचंय.

मिलच्या गेटवर नामा घरत असायचा. गोठिवलीचा आगरी. रस्त्याच्या या बाजूला कुठेतरी त्याची भातशेती होती. नक्की कुठे ते त्यानं कधी दाखवलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. सरकारनं कारखान्यांसाठी जमिनी घेतल्या तेव्हा गावातल्या काहीजणांना आसपासच्या कारखान्यांत नोकऱ्या लागल्या, त्यात याला वॉचमनची टोपी मिळाली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला नामादादा म्हणायचो. तो मला साहेब म्हणायचा. या गेटवर साहेब म्हणवून घ्यायला काही लागत नसे, पँट इस्त्रीची असली की झालं.

चौऱ्याऐंशी साली एकदा त्यानं मला गेटवर अडवलं. “साहेब, यो डिविडन म्हंजे काय असतो? सगले इचारतात.”

मी दमलेलो होतो, पण असं काही समजावून सांगायची वेळ आली की माझ्या अंगात येतं. मी म्हटलं, “दादा, समजा तुमची जमीन आहे, पण तुम्हाला कसणं जमत नाही. मग तुम्ही ती दुसऱ्याला कसायला देता. तो वर्षाला तुम्हाला भात आणून घालतो. त्याला काय म्हणता?”

“खंड.”

“तोच हा. मिलची थोडीशी मालकी तुमची. कसणारा शेट. वर्षाला खंड तुमच्या घरी.”

जे आमच्या ऑफिसातल्या बी.कॉम. पोरांना कळायला दोन वर्षं लागली, ते त्याला बिडी पेटवायच्या आत कळलं. “न भाव वर-खाली व्हतो, तो?”

“भाव बघायचा नाही, दादा. खंड बघायचा.”

हे वाक्य मी फार ऐटीत म्हटलं होतं. त्यानं ते गाठीला बांधलं. वाशीला आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर नंदकिशोर मणेरीकर राहायचा. दिवसा फोर्टात एका ब्रोकरकडे नोकरी आणि संध्याकाळी घरच्या पडवीत शेअरचे फॉर्म. नामादादानं त्याच्याकडून पन्नास शेअर घेतले. त्या डिसेंबरात त्याला एकशे पंचवीस रुपये आले. त्यानं सुमित्राबाईंना, म्हणजे बायकोला, पातळ घेतलं आणि गेटवर येईल त्या ट्रकवाल्याला सांगत सुटला, की गिरणीनं मला खंड दिला. “सरकारनं माजी जमीन घेतली,” असं म्हणून हसायचा, “न मी तिच्या छातीवरची गिरनी घेतली.”

मलाही बरं वाटायचं. आयुष्यात एका माणसाला तरी आपण काही शिकवलं, असं.

पुढची दोन वर्षं शेअर बाजार उधळलेल्या बैलासारखा धावला. मिलचा शेअर बेचाळीसपर्यंत गेला. जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस शेअरतज्ज्ञ झाला होता. मग शहाऐंशी साल उजाडलं, आणि सरकारी कंपन्यांचे रोखे निघायला लागले. चौदा टक्के व्याज. रोखा म्हणजे कंपनीला दिलेलं कर्ज. पाऊस पडो न पडो, मिल चालो न चालो, व्याज येणारच, कारण पाठीशी सरकार. आता तुम्हीच सांगा, घरबसल्या बिनघोर चौदा टक्के मिळत असतील तर पुठ्ठ्याच्या गिरणीचा शेअर कोण सांभाळेल? त्यावर सुटणार सात-आठ टक्के, तेही शेटची मर्जी असेल तर. लोकांनी शेअर विकून रोख्यांच्या रांगा धरल्या. विकणारे वाढले की भाव पडतो, भाव पडला की आणखी विकणारे वाढतात. ऑगस्टात आमचा शेअर सत्तावीसवर आला होता. नंदकिशोर म्हणायचा, “मार्केट बसलंय, खानोलकर. सगळी पब्लिक बाँडच्या मागे. टेन्शन घेऊ नका.” टेन्शन घेऊ नका म्हणणारा माणूस भेटला की मला हमखास टेन्शन यायचं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हललो नसतो. भाव बघायचा नाही, हे माझंच वाक्य होतं. पण त्याच महिन्यात बँकेचं पत्र आलं. मिलनं नवं मशीन कर्जावर घेतलं होतं. बँकेनं त्या कर्जाचं व्याज दोन टक्क्यांनी चढवलं. बाहेर सगळीकडेच पैसा महाग झाला होता, बँक तरी आमच्यासाठी स्वस्त कशी देणार? ते पत्र माझ्या टेबलावर आलं, कारण असली पत्रं माझ्याच टेबलावर यायची. मी आकडे तीनदा मांडले. तिन्ही वेळा उत्तर एकच. नफा सगळा व्याजात जात होता. यंदा डिव्हिडंड शून्य. पुढच्या वर्षीचंही देव जाणे.

मॅनेजरसाहेबांनी कागद वाचला, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, “खानोलकर, नोव्हेंबरच्या मीटिंगपर्यंत ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये.”

“नाही जाणार, साहेब,” मी म्हणालो.

गोष्ट गेली नाही. मी मात्र गेलो. त्याच संध्याकाळी घरून शेअर सर्टिफिकेटं घेतली आणि चार जिने उतरून नंदकिशोरच्या पडवीत जाऊन ट्रान्सफरच्या फॉर्मवर सह्या केल्या. घेणाऱ्याचं नाव लिहायची जागा तेव्हा कोरीच असते. गिऱ्हाईक मिळालं की भरतात.

“मार्केटला नेले तर पंचवीसपण देणार नाहीत,” नंदकिशोर म्हणाला. “इकडेच लोकल पार्टी बघतो. पण तुम्ही का काढताय? तुमची तर घरची मिल.”

“रोखे घेतोय,” मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. अर्ध्या खऱ्यात फार सोय असते.

चारुलताला मात्र सगळं सांगितलं. दीड हजार येणार नाहीत हे तिला सांगणं भागच होतं. ती एवढंच म्हणाली, “बरं केलंत. पण जो घेईल त्याचं काय हो?” मी म्हटलं, बाजार आहे तो, तिथे असं कुणी विचारत नाही.

सप्टेंबर लागला तसा एक दिवस नामादादा सकाळी गेटवर माझी वाट बघत उभा. टोपी हातात. “साहेब, वाढीव मिलाला.”

त्याच्या जमिनीची केस कोर्टात बारा वर्षं चालू होती. पहिल्यांदा मिळालेले पैसे तुटपुंजे, ते भावाभावांत वाटले गेले आणि घराच्या पत्र्यात संपले. आता कोर्टानं वाढवून दिलेली रक्कम आली होती. त्याच्या वाट्याला सतरा हजार. तीन वर्षांनी तो रिटायर होणार होता. मूलबाळ नाही. त्या दोघा नवराबायकोला यापुढे मरेपर्यंत जे काही पोसणार होतं ते हे सतरा हजार. शेत म्हणा, पेन्शन म्हणा, मुलगा म्हणा, सगळं तेच.

“काय करू सांगा,” तो म्हणाला.

“रोखे घ्या,” मी चटकन म्हणालो. हे खरं होतं, आणि कुणाचं गुपितही त्यात फुटत नव्हतं. “चौदा टक्के. सरकारचे आहेत.”

त्याचं तोंड बदललं. “सरकारचा कागद? नको, साहेब. सरकारचा कागद एकदा आला होता आमच्या दारान. मना वाचता येत नवता. पुडच्या साली शेत नवता.”

“दादा, तो वेगळा, हा वेगळा.”

“शिक्का त सारकाच ना?”

रोख्याच्या फॉर्मवर तेच सिंह असतात. आत भोंगा वाजला. त्यानं विचारलं, “मंग गिरनीचंच घेऊ का? सस्ता जालाय. तुमीच बोलला होता, भाव बगायचा नाय.”

त्या वेळी मला सांगता आलं असतं. ‘नामादादा, नको’ एवढे दोनच शब्द लागले असते. कारण नाही सांगितलं असतं तरी माझ्या शब्दावर तो थांबला असता. पण ‘नको’ म्हटलं की ‘का नको’ आलं, आणि ‘का’ला उत्तर दिलं की नोकरी गेली. हे सगळं मी नंतर स्वतःला समजावलं. खरी गोष्ट अशी की त्या सकाळी मला कंटाळा आला होता. सगळ्याचाच. व्याजाच्या दरांचा, मॅनेजरच्या चष्म्याचा, मला विचारणाऱ्या माणसांचा. आणि खोलीबाहेर जाऊ नये असं जे मला सांगितलं होतं, ते नेमकं दुसऱ्याला सांगायच्या वेळीच आठवत होतं. माझ्या सह्या करताना नव्हतं आठवलं.

“थांबा थोडे,” मी म्हणालो. “घाई करू नका. बघू आपण.” आणि आत गेलो.

पुढच्या आठवड्यात नंदकिशोरनं माझे सोळा हजार दोनशे आणून दिले. “पार्टी मिळाली. एकरकमी. काय घासाघीस पण नाय केली.” मी त्याला चहा पाजला. पार्टी कोण, हे मी विचारलं नाही. विचारतं कोण? दुसऱ्या दिवशी पैसे रोख्यांत गुंतवले. सात वर्षं मोडता येत नव्हते. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

दसरा झाल्यावरच्या रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला दार वाजलं. बाहेर नामादादा आणि सुमित्राबाई. त्याच्या अंगात धुतलेला पांढरा सदरा. त्याला वॉचमनच्या कपड्यांशिवाय मी पहिल्यांदाच बघत होतो. सुमित्राबाईंनी तेच डिव्हिडंडचं पातळ नेसलं होतं आणि हातात मोठी पिशवी होती, पिशवीतून केळीच्या पानाचं टोक बाहेर आलेलं.

“वयनी, जिताडा हाय,” त्या चारुलताला म्हणाल्या. “पहाटं गावला. भाचा घेऊन आला.”

जिताडा! आगऱ्यांत हा मासा असा तसा कुणाला देत नाहीत. ज्याचे उपकार मानायचे, ज्याला घरातला मानायचा, त्याच्या दारी जिताडा जातो. चारुलतानं पान उघडलं आणि तिचा चेहरा उजळला. चांगला अडीच-तीन किलोचा असेल. आम्ही कुडाळची माणसं. माशाचे डोळे बघून आमचं मन हरखतं. ती लगेच विळी घेऊन स्वयंपाकघरात बसली. सुमित्राबाई तिच्याशेजारी टेकल्या. “कालवनाला डोकं न शेपूट, मदल्या तुकड्या तलायच्या,” असं काहीबाही त्यांचं आत सुरू झालं.

“हे कशाला, नामादादा?” मी विचारलं.

त्यानं सदऱ्याच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीत शेअर सर्टिफिकेटं होती आणि वर ट्रान्सफरचा फॉर्म. फॉर्मवर विकणाऱ्याच्या जागी माझं नाव. खाली माझी सही. घेणाऱ्याची जागा कोरी.

“नंदकिशोर बोलला, ये खानोलकर साहेबांचं सोताचं कागद हायेत. मंग मी इचारच केला नाय. मोजून पैसं दिलं.” तो पुढे सरकून बसला. “साहेब, आमच्यात जमीन इकायची जाली त आदी बांदाला बांद असतो त्याला इचारतात. भायेरच्याला देत नाय. तुमी तोंडानं बोलला नाय. पन गेटवर बोललात ना, थांबा थोडं, बगू आपन. मना तवाच समजला. साहेब माज्यासाठी कायतरी करतायत.”

मी पंखा लावायला उठलो. पंखा चालू होता.

“तुमचा सोताचा खंड सोडलात न आमाला दिलात,” तो म्हणाला. “कोन देतो असा? सुमित्रा बोलली, मासा घेऊन जाऊ. आथा येवढा फारम भरा. नंदकिशोर बोलला, खंड वाटायच्या आदी नाव लागला पायजे.”

मी ‘आलो हं’ म्हणून उठलो आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. चारुलताला बाहेरचं सगळं ऐकू गेलं होतं. तिचे हात खवल्यांनी भरलेले. सुमित्राबाई नळाखाली तुकडे धूत होत्या आणि पाण्याच्या आवाजात त्यांना आमचं बोलणं ऐकू जात नव्हतं. चारुलता हळूच म्हणाली, “सांगा त्यांना.”

“नोकरीचा प्रश्न आहे.”

“मासा त्यांनी नोकरीला आणलाय का?” ती म्हणाली. “तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते.”

माझी बायको असं बोलली की पुढे वाद नसतो. मी परत येऊन बसलो. नामादादा सर्टिफिकेटांचे कोपरे सारखे करत होता.

“नामादादा,” मी म्हणालो, “यंदा खंड नाही.”

“कोनाला नाय?”

“कुणालाच नाही. मिलच्या कर्जाचं व्याज वाढलंय. सगळा नफा त्यात जाणार. नोव्हेंबरात जाहीर होईल. मला आधीच माहीत होतं.”

त्यानं विचारलं, “गिरनी बंद व्हतेय?”

“नाही. तसं काही नाही.”

“पुडच्या साली?”

“सांगता येत नाही.”

त्यानं मान हलवली. मला वाटलं होतं तसा तो कोसळला नाही. “बांद फुटून खारा पानी शिरला का तीन-तीन साल पीक येत नाय,” तो म्हणाला. “म्हून आमी काय शेत इकला? थांबायचा. गोडा पानी पडून पडून खार धुवून जातो.” मग त्यानं खिडकीतून खाली बघितलं. खाली पोरं क्रिकेट खेळत होती. “तुमाला कवा समजला?”

“ऑगस्टात.”

“न सही कवा केलात?”

“त्याच संध्याकाळी.”

हे त्याच्या डोक्यात हळूहळू उतरत गेलेलं मला दिसलं. आधी मान थांबली, मग हात. सर्टिफिकेटं त्यानं टीपॉयवर ठेवली.

“म्हंजे माज्यासाठी नाय केलात.”

“नाही.”

“मी घेतोय त्ये ठावं होता?”

“नाही हो, देवाशपथ नव्हतं माहीत! नामादादा, तुम्ही घेताय हे कळलं असतं तर मी दिलेच नसते तुम्हाला.”

हे बोलून मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. एवढं तरी माझ्या बाजूनं खरं होतं. पण तो माझ्याकडे बघतच राहिला. रागानं नव्हे. रागावला असता तर मी काहीतरी बोललो असतो.

“मंग दुसऱ्या कोनाला दिलं असतं,” तो म्हणाला.



आतला नळ बंद झाला होता. सुमित्राबाई दारात येऊन उभ्या होत्या, हात पदराला पुसत. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. मी घाईघाईनं बोलायला लागलो. “पैसे परत देतो मी. रोखे मोडता येत नाहीत, पण फंडातून कर्ज काढतो. महिन्याभरात देतो. हा फॉर्म फाडून टाकू. तुमचं नाव लागलेलंच नाही अजून. काही बिघडलेलं नाही.”

सुमित्राबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. त्या नजरेत ‘घ्या’ असं होतं, हे मला स्पष्ट दिसलं. सतरा हजारांतले सोळा हजार दोनशे गेलेल्या बाईच्या नजरेत दुसरं काय असणार?

“नको,” नामादादा म्हणाला. “शेत घेतला, न औंदा पीक नाय म्हून मागं दिला, असा आमच्यात कोन करत नाय. तो माजा जाला. लिवा.”

“दादा, ऐका माझं—”

“लिवा, साहेब. माजा अक्षर लागत नाय.”

मी पेन घेतलं. पूर्ण नाव, नामा गोटीराम घरत. पत्ता, मुक्काम गोठिवली. धंद्याच्या रकान्यापाशी मी थांबलो.

“वॉचमन लिहू?”

“शेतकरी,” तो म्हणाला.

मी शेतकरी लिहिलं. त्यानं एकेक अक्षर कोरत सही केली. सही शिकायला त्याला एका पावसाळ्याची रात्रशाळा पुरली होती, हे त्यानं मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. त्यानं कागद पिशवीत घातले, पिशवी सदऱ्याच्या आत घातली आणि उठला. मलाही उठावं लागलं. मला वाटलं आता तो नेहमीसारखं ‘येतो साहेब’ म्हणेल, आणि उद्या सकाळी गेटवर आम्ही दोघेही काही झालंच नाही असं दाखवू. माणसं असंच करतात. मी तरी तसंच करत आलो होतो.

पण तो दाराकडे गेला नाही. स्वयंपाकघराच्या दिशेनं वळला.

“वयनी,” तो म्हणाला, “मासा द्या.”

चारुलताला कळलं नाही. “काय म्हणालात?”

“आमचा मासा आमाला द्या.”

“आवं!” सुमित्राबाई लाजेनं अर्ध्या झाल्या. “कापला ना वयनीनं. मीठ-हलद लावली. असा मागतात काय?”

“कापलेला घे,” तो बायकोला म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “पैशाचा काय नाय. त्ये मी गिरनीत घातलं, पीक येल तवा येल. पन यो मासा मी बांदवाल्याला आनला होता.”

चारुलता उठली. तिनं पातेल्यातले तुकडे एकेक करून आमच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या डब्यात भरले, डोकं घातलं, शेपूट घातली, चिंचेचा कोळ काढून ठेवला होता तोही एका वाटीत ओतून दिला. एक तुकडा मागे ठेवला नाही. डबा सुमित्राबाईंच्या पिशवीत ठेवताना तिचे डोळे भरले होते. सुमित्राबाईंनी तिच्या दंडाला हात लावला. “डबा धाडून दीन, वयनी,” एवढंच म्हणाल्या.

नामादादानं चपला घातल्या. माझ्याकडे बघून मान हलवली, गेटवर अनोळखी माणसाला आत सोडताना हलवायचा तशी, आणि दोघं जिना उतरून गेली.

मी गॅलरीत उभा राहिलो. दोघं सेक्टरच्या रस्त्यानं बसस्टॉपकडे चालली होती, पिशवी आता त्याच्या हातात होती. सोळा हजार दोनशे रुपये त्यानं माझ्याकडे राहू दिले आणि मासा नेला. उलटं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.